आमच्या घरातले दारासिंग : नाशिककरांनो, आठवणी लिहा

येत्या १२ जुलैला पहिलवान आणि नट दारासिंगांची पुण्यतिथी. २०१२ साली गुरुवारी सकाळी मुंबईत त्यांच्या घरी ते गेले, तेव्हा माझे वडील हातातला चहा तसाच ठेवून अंगणात जाऊन उभे राहिले होते. दारासिंगांना त्यांनी आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे हे नाव दोन कामांना यायचं. भाऊ दांडगाई करायला लागला की "स्वतःला दारासिंग समजतोस काय रे?" आणि मी जेवणाला नाक मुरडलं की "दारासिंग व्हायचंय ना? मग संपव ते दूध." दूध मी संपवायचे. दारासिंग म्हणजे कोणीतरी नात्यातले आजोबा आहेत, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

तुमच्याकडे काय आठवणी आहेत? पाहिलेल्या असोत, ऐकलेल्या असोत, आजोबांच्या, वडिलांच्या, तालमीतल्या. जशा आठवतील तशा लिहा.

पंचवटी, वय ७४

मी पाहिलंय त्यांना. एकदाच, पण पाहिलंय.

साल ६५ किंवा ६६ असेल. माझे धाकटे काका पहिलवान. फार मोठे नव्हेत, जत्रेच्या फडात नारळ-फेट्यापासून पन्नास रुपयांच्या जोडीपर्यंत लढायचे. त्यांनी मला बरोबर घेतलं. नाशिकरोडहून पॅसेंजरने दादर, तिथून पायी वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम. आईने बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, तो गाडीत कसारा येईपर्यंत संपला.

आमची जागा लांबची. कुस्ती फ्रीस्टाइल, समोरचा गडी परदेशी, त्याचं नाव आज आठवत नाही. माझ्या डोक्यात कुस्ती म्हणजे लाल माती आणि हलगी. इथे माती नाही, हलगी नाही, चौकोनी रिंगण आणि दोऱ्या. पण माणूस आपटला की पाटाचा जो आवाज यायचा, तो पोटात जायचा. दारासिंग सहा फूट दोन इंच उंच. इतक्या लांबून आकडा कळत नव्हता, पण ते रिंगणात आले तेव्हा दोऱ्या एकदम खाली गेल्यासारख्या वाटल्या.

कुस्ती संपल्यावर काका मला ओढत बाहेरच्या गर्दीत घुसले. पोलिसांनी वाट केली होती. दारासिंग अगदी हातभर अंतरावरून गेले. काकांचे दोन्ही कान मोडलेले, फुगून गोळा झालेले, जन्मभर मातीत घासले गेले की होतात तसे. दारासिंगांची नजर काकांच्या कानावर गेली. त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि हसले. बस्स, पुढे गेले.

काका परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाहीत. इगतपुरीला चहा घेतला तेव्हा फक्त म्हणाले, "वळखलं रं त्यांनी." पुढे चाळीस वर्षं काका ही गोष्ट सांगत राहिले आणि दर वेळी आपसूक त्यांचा हात कानाकडे जायचा. शेवटच्या आजारपणात आवाज गेला होता. दवाखान्यात कोणी कुस्तीचं नाव काढलं की नुसता कानाला हात लावायचे, आणि आम्हाला कळायचं.

जुने नाशिक

वरच्या काकांचं वाचून राहवलं नाही. माझे आजोबा गल्लीतल्या तालमीचे वस्ताद होते. आमच्या तालमीत कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या वर मारुतीचा कोनाडा आणि त्याच्या डाव्या हाताला दारासिंगांचा कॅलेंडरमधून कापलेला फोटो, काचेच्या फ्रेममध्ये. शनिवारी मारुतीला रुईचा हार घातला की उरलेली दोन पानं त्या फ्रेमला खोचायची, हे काम माझ्याकडे.

खरं सांगायचं तर आजोबांना फ्रीस्टाइल अजिबात आवडायची नाही. "ती नुरा कुस्ती, ठरवून केलेली" असं ते तोंडावर म्हणायचे. मग फोटो कशाला, असं एकदा विचारलं. त्यांनी मला हौद्यात उभं केलं, मूठभर माती हातात दिली. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली माती, तिचा वास माझ्या नाकात अजून आहे. म्हणाले, "हा गडी आधी हिच्यातून गेलाय. १९५४ ला रुस्तम-ए-हिंद झाला तो काय सिनेमात काम करून? पोट भरायला माणूस रिंगणात जाईल, परदेशात जाईल. पण त्याची मान बघ, मांड बघ. तालमीत पहाटे चारला उठल्याशिवाय अशी मान होत नाही."

नुरा की खरी, हा वाद आजही लोक घालतात. मला आजोबांचं म्हणणं पटतं. डाव ठरवून करता येईल, शरीर ठरवून होत नाही. त्याला रोजच्या जोर-बैठकाच लागतात.

काळाराम मंदिरामागे

आमच्याकडचे दारासिंग म्हणजे मारुती. १९८७ चं रामायण. रविवारी सकाळी साडेनऊला पंचवटी अशी शांत व्हायची की रामकुंडावरच्या घंटा आमच्या माडीत ऐकू यायच्या. पिंडदानाला आलेले यजमान आणि गुरुजी दोघेही कुणाच्या तरी दारात उभे राहून टीव्ही बघत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाड्यात एकच टीव्ही, आमचा, लाकडी शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट. आजीचा नियम होता, अंघोळ केल्याशिवाय कोणी पुढ्यात बसायचं नाही. राम-सीता वनवासात पंचवटीत आले तेव्हा वाड्यातल्या बायकांना अगदी आपल्या गल्लीत कोणी राहायला आल्यासारखं झालं होतं. पण आजी वाट बघत होती मारुतीची. पहिल्यांदा ते पडद्यावर आले त्या दिवशी ती उठली, देवघरातून शेंदराची वाटी आणली आणि टीव्हीच्या लाकडी चौकटीवर उजव्या कोपऱ्यात अंगठ्याने एक ठसा उमटवला. वडील ओरडले, नवा टीव्ही होता. आजी म्हणाली, "मारुती आलाय घरात आणि तुला लाकडाची पडलीय."

मोठा झाल्यावर कळलं की तेव्हा दारासिंगांचं वय जवळजवळ साठ होतं. साठाव्या वर्षी ती गदा खांद्यावर आणि ते शेपूट मागे! १९७६ सालच्या एका सिनेमातही ते मारुती झाले होते म्हणे, पण आजीला त्याचं काही नव्हतं. तिच्यासाठी ते एकदाच आले, आमच्या टीव्हीवर.

टीव्ही नंतर बिघडला, रंगीत आला, जुन्याचं खोकं माळ्यावर गेलं. २०१२ साली बातमी आली तेव्हा आजी ब्याऐंशीची. तिला सांगावं की नाही, यावर आम्ही घरात कुजबुजत होतो. तिने ऐकलं. काही बोलली नाही, मोरीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. आमच्यात घरचं माणूस गेलं की घेतात, तसं. त्या दिवशी दुपारी तिने जेवणही केलं नाही.

माळ्यावरच्या खोक्यावर तो ठसा आहे. शेंदूर काळा पडलाय, पण अंगठ्याच्या रेषा दिसतात.

सिडको

माझी छोटीशीच आहे. किंगकाँग नावाचा हंगेरीतून आलेला पहिलवान होता, दारासिंगांच्या दीडपट वजनाचा. दारासिंगांनी त्याला डोक्यावर उचलून गरगर फिरवला, ही गोष्ट आमचे आजोबा जेवताना सांगायचे, आणि ताटातला भाताचा गोळा किंगकाँग असायचा. एका उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी गच्चीवर तीच कुस्ती लावली. मी दारासिंग, मामेभाऊ किंगकाँग. मी त्याला उचलला, फिरवला आणि दोघंही गादीच्या बाहेर पडलो. माझा हात मोडला. प्लास्टर एका ठिकाणी इतकं घट्ट बांधलं की बोटं निळी पडली, रात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन कापावं लागलं. हात थोडा वाकडा राहिला तो राहिलाच.

आजोबा मात्र रात्रभर उशाशी बसून होते. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधीच सांगितली नाही. आज वाटतं, मी हट्ट करून सांगायला लावायला हवी होती.

देवळाली कॅम्प

आमच्या शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सरदारजी राहायचे, अमृतसर जिल्ह्यातले. दारासिंगांचं गाव धरमूचकही त्याच जिल्ह्यातलं. आम्ही त्यांना पापाजी म्हणायचो. माझे आजोबा आणि पापाजी यांचं रोज संध्याकाळी ओट्यावर एकच भांडण. पापाजी म्हणायचे, दारासिंग आमच्या मातीतला. आजोबा म्हणायचे, असेल, पण मारुती आमच्या अंजनेरीचा. (नाशिकजवळचा हा गड मारुतीचं जन्मस्थान मानतात.) तेव्हा दारासिंग मारुती झाला म्हणजे तो आमच्याकडे दत्तक आला.

एका हनुमान जयंतीला आजोबांनी पापाजींना खरंच अंजनेरीला नेलं. त्र्यंबकच्या बसने गेले. दोघंही सत्तरीच्या पुढे. गड चढताना तीन ठिकाणी बसले. वर अंजनीमातेच्या देवळात पापाजींनी चपला काढल्या, पगडी नीट केली आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. उतरल्यावर आजोबांना म्हणाले, "चलो भाई, आधा तुम्हारा, आधा हमारा." त्यानंतर ते भांडण बंद झालं. ओट्यावर दोघं नुसते बसून राहायचे.

गंगापूर रोड

आत्यासाठी लिहितेय, तिला टाइप करता येत नाही. ती म्हणते, सगळे मारुतीचंच लिहितायत, मुमताजचं कोणीच लिहिलं नाही. दारासिंग-मुमताजचे सिनेमे आत्या आणि तिच्या मैत्रिणी विजयानंद टॉकीजला बघायच्या. घरी सांगायचं, कीर्तनाला जातोय. इतका दांडगा माणूस पण पडद्यावर बाईशी बोलताना नजर खाली, हे तिला फार आवडायचं. २००७ च्या एका सिनेमात ते नायिकेचे पंजाबी आजोबा होते. आत्याने तो माझ्याबरोबर पाहिला, आणि ते दिसल्याबरोबर माझा हात घट्ट धरला.

नाशिकरोड

आमची पिढी केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अमेरिकन कुस्त्या बघणारी. ट्रम्प कार्डं जमवायची, अंडरटेकरचं कार्ड आलं की वर्गात राजा. वडील प्रेसमध्ये नोकरीला, शिफ्ट करून आले की दोन मिनिटं उभ्याने बघायचे आणि म्हणायचे, "यातल्या एकालाही आमच्या दारासिंगने उभं राहू दिलं नसतं. लू थेझला हरवलंय त्याने, अमेरिकेच्या लू थेझला. मुंबईत. अडुसष्टला." मला लू थेझ कोण ते माहीत नव्हतं. मी रिमोट घेऊन आवाज वाढवायचो. आता तो वाढवलेला आवाज आठवला की कसंतरी होतं.

२०१७ च्या शेवटी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. रोज सकाळी मी त्यांना खुर्चीवरून उठवायचो आणि बसवायचो, दहा वेळा. ते चिडायचे, चौथ्या वेळेला हात झटकायचे.

२०१८ च्या एप्रिलमध्ये मोबाइलवर बातमी दिसली, डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये दारासिंग. तेच डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे नाव बदललेलं डब्ल्यूडब्ल्यूएफ, माझ्या ट्रम्प कार्डांचं. मी फोटो मोठा करून वडिलांसमोर धरला आणि वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने फोन घेतला, स्वतःच्या डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे बघून एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "सां-गि-त-लं हो-तं."

दुसऱ्या दिवसापासून मी बैठका मोजताना "एक दारासिंग, दोन दारासिंग" म्हणायला लागलो. ते हसायचे आणि उठायचे. पावसाळ्यापर्यंत काठी घेऊन दारापर्यंत यायला लागले. ते गेले त्याला आता तीन वर्षं झाली.

जुन्या नाशिकच्या वस्तादांच्या नातवाला विचारायचं होतं, तालमीतला तो फोटो अजून आहे का? वडिलांना तो दाखवायला न्यायचं राहून गेलं. मुलाला घेऊन येईन म्हणतो.

जुने नाशिक

आहे. काच एका कोपऱ्यात तडकलीय, फोटो पिवळा पडलाय, पण आहे तिथेच आहे. शनिवारी संध्याकाळी सहानंतर या. मुलाला जुने कपडे घाला, माती लागेल.