एकट्या डॉक्टरच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरवर नजर कोणाची?

दाढदुखी (चोपडा)
तालुक्याच्या गावी माझा दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना आहे. मालक मी, डॉक्टर मी, चूक शोधणाराही मीच. हाताखाली एक ताई आणि दुपारपुरता एक पोरगा.

मे महिन्यात ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं मशीन, चालू असताना लाइट गेली. आमचं मशीन जुनं, उभ्या कुकरसारखं. मधे बंद पडलं तरी बोंब मारत नाही. लाइट आल्यावर हत्यारांचे पाऊच बाहेर काढले, टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या, ट्रे लागले. १२१ अंशांवर १५ पौंड दाब सलग पंधरा-वीस मिनिटं टिकला की नाही, हे त्या टेपला कळत नाही. पाऊच तापलं एवढंच ती सांगते. ताईंना हे ठाऊक होतं, लाइट जाताना त्या तिथेच होत्या. दोन दाढा काढून झाल्या, आणि संध्याकाळी बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं.

'मग तेव्हाच का नाही सांगितलं?' 'बाहेर आठ जण बसले होते सर. तुम्ही चिडले असते.'

चिडलोच असतो.

माझं म्हणणं एवढंच, की लहान दवाखान्यात दुसऱ्या कोणाला तरी काम थांबवायचा हक्क हवा, आणि तो लेखी हवा. शनिवारी अर्धा तास दार लावून आठवड्यात काय चुकलं ते बोलायचं. महिन्यातून एकदा शेजारच्या डॉक्टरने आपलं रजिस्टर पाहायचं, आपण त्याचं.

जुना_चिमटा (धुळे)
डॉक्टर, रोग मशीनला आहे आणि औषध माणसांना पाजताय. आतून हवा ओढून घेणारं, छापील पट्टी देणारं मशीन घ्या. मधे लाइट गेली तर ते सायकल, म्हणजे ती अख्खी फेरी, बाद करतं, विषय संपला. ताई बोलल्या काय, न बोलल्या काय.

आणि शेजारच्या डॉक्टरला माझं रजिस्टर दाखवू? गावात दवाखाने सहा आणि दाढा त्याच. दुसऱ्या दिवशी पानटपरीवर चर्चा होईल की अमक्याकडे हत्यारं नीट उकळत नाहीत. मी तीस वर्षं खुर्चीजवळ उभा आहे, सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं.

फाइलवाला
सरकारकडून कोणीतरी तपासत असेलच ना? पेशंट म्हणून मी तसंच धरून चाललो होतो.

दाढदुखी
तुकड्यातुकड्यांत. एक्स-रेची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. हे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, ते प्रदूषण मंडळ बघतं. डेंटल कौन्सिल नोंदणी करतं आणि तक्रार झाली तर विचारतं. १९४९ चा नर्सिंग होम कायदा खाटा असलेल्यांसाठी, माझ्याकडे खुर्च्या. २०१० चा केंद्राचा दवाखान्यांच्या नोंदणीचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही. मंगळवारी दुपारी तीन वाजता माझा ट्रे निर्जंतुक होता का, हे विचारणारं कोणी नाही.

जुना_चिमटा सर, मशीनचे पैसे जमवतोय. पण सायकल बाद झाल्याचा कागद बघून 'चालतंय, लाव' म्हणणारा मीच असेन, तर कागद काय करणार?

सुईदोरा (अमळनेर)
मी दातांच्या दवाखान्यात आठ वर्षं सहायक आहे. हक्क लेखी द्या नाहीतर ताम्रपटावर कोरून द्या, पगार सरांच्याच खिशातून येतो.

थांबवायचं कसं असतं ते सांगते. पेशंटची डावी म्हणजे समोरच्याची उजवी. फाइलवर ३६ लिहिलेलं, म्हणजे खालची डावी दाढ, सर ४६ च्या, म्हणजे उजव्या बाजूला भूल द्यायला निघाले. 'सर, चुकताय' असं पेशंटसमोर म्हणायची आपली टाप नाही. मी म्हटलं, 'सर, एक्स-रे परत लावून देऊ का?' सरांनी माझ्याकडे पाहिलं, सुई खाली ठेवली. त्या दिवशी ना ते काही बोलले, ना मी.

त्यामुळे नुसता हक्क नको, एक शब्द ठरवून द्या. 'एक्स-रे परत लावू का' म्हटलं की सरांनी हात थांबवायचा, कारण नंतर.

आणि दुसरं. भुलीची सुई ज्याने वापरली त्यानेच डब्यात टाकायची. सर पुढच्या खुर्चीकडे जातात, टोपण आम्ही लावतो, टोचतं आम्हाला. कावीळ-बीच्या लसीचे तीन डोस मी माझ्या पैशाने घेतले.

जुना_चिमटा
सुईचं मान्य. उद्यापासून मीच टाकीन, लिहून घ्या.

शब्द ठरवायचा हेही वाईट नाही, पेशंटला कळत नाही. पण शेजाऱ्याची तपासणी नाही म्हणजे नाही. स्पोअर टेस्ट आहे की. उष्णतेने सहज न मरणाऱ्या जिवाणूची पट्टी मशीनमध्ये ठेवा, मग ते मेले का हे बघायला लॅबला पाठवा. पट्टी पानटपरीवर बसत नाही.

दाढदुखी
पट्टी पाठवायची आठवण कोण ठेवणार? मागच्या वर्षी मी दोनदा पाठवली. ठरवलं होतं दर महिन्याला.

जुना_चिमटा
ताईंना सांगा.

सुईदोरा
घ्या! आलंच शेवटी ताईंवर 🙂 मग निकाल खराब आला तर दवाखाना बंद ठेवायचा हक्कही ताईंचाच का?

तापीकाठ (रावेर)
भाऊ, तुमचं सगळं खरं शे. पन मी मघापासून वाट पाहतोय की कोणी विचारेल. त्या दोन पेशंटचं काय झालं? त्यांना सांगितलं का?

जुना_चिमटा
उगाच घाबरवू नये. हत्यारं धुतलेली होती, तापलेलीही होती. धोका नगण्य.

तापीकाठ
नगण्य आहे ते त्याला ठरवू द्या ना. दाढ त्याची होती.

दाढदुखी
चार दिवस लागले हिंमत करायला. एका बाईंना फोन केला, नवऱ्याला घेऊन आल्या. कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी माझ्या खर्चाने केली, सहा महिन्यांनी परत करणार. नवरा तासभर बोलला, मी ऐकून घेतलं. त्या अजून माझ्याकडेच येतात, का ते मला माहीत नाही.

दुसऱ्याच्या नावापुढे रजिस्टरमध्ये लिहिलंय 'मामा, केळीची गाडी', आणि फोनचा रकाना कोरा. ते अक्षर माझं आहे.

तापीकाठ
गाडी कुठली, सावद्याची का? तारीख टाका. मी मंडीत विचारतो.