नुसत्या रिग मोजून पर्मियन कळत नाही

हिशेबी
तेलवेडा यांच्या कालच्या पोस्टचा मथितार्थ असा: पर्मियनमधल्या (पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतला तेलपट्टा) रिग, म्हणजे विहिरी खोदणारी यंत्रं, घटल्या म्हणजे शेलचा (घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलाचा) फुगा फुटला, आणि टेक्सासात नियमन असं काही नाहीच. त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

बेकर ह्यूजेस या तेलसेवा कंपनीचा शुक्रवारचा आकडा त्या आठवड्यात खोदकामावर असलेल्या रिग मोजतो. विहिरी मोजत नाही, फूट मोजत नाही, पिंपं तर नाहीच नाही. २०१४ च्या अखेरीस पर्मियनमध्ये साडेपाचशेच्या आसपास रिग होत्या आणि तेल दिवसाला वीस लाख पिंपांच्या आतबाहेर. २०२४ च्या अखेरीस रिग तीनशेच्या आसपास, तेल साठ लाखांच्या वर. रिग आता सुटी करावी लागत नाही, पॅडवरच (अनेक विहिरींसाठी केलेल्या एकाच जागेवर) सरकत एकामागून एक विहिरी खोदते. विहिरीचा जमिनीखालचा आडवा भागही एक मैलाचा दोन झाला, काही ठिकाणी तीन.

माग काढायचाच असेल तर रेलरोड कमिशनच्या (नाव रेल्वेचं, पण टेक्सासात तेल-गॅसचं नियमन हेच करतं) साइटवर काउंटी, म्हणजे जिल्हा, निवडून डब्ल्यू-१, म्हणजे खोदकामाची परमिटं काढा. परमिट मिळालं म्हणजे खोदलं असं नाही. ते दोन वर्षं चालतं, कंपन्या गठ्ठ्यानं घेऊन ठेवतात. त्यातून एपीआय नंबर, म्हणजे विहिरीचा ओळख क्रमांक, उचला: ४२ म्हणजे टेक्सास, पुढचे तीन आकडे काउंटीचे (लव्हिंग ३०१, रीव्ह्ज ३८९), मग पाच विहिरीचे. त्याच नंबरावर फ्रॅकफोकस या साइटला फ्रॅकच्या (दाबानं पाणी घालून खडक फोडण्याच्या) तारखा आणि किती पाणी घातलं ते सापडतं. शेवटी डब्ल्यू-२, म्हणजे कम्प्लीशन रिपोर्ट. खोदून झाली पण फ्रॅक व्हायची आहे अशा विहिरींना तिकडे 'डक' म्हणतात. रिग घटूनही काही महिने तेल वाढतं ते या शिल्लक डकांतून. फ्रॅक क्रू किती कामावर आहेत हा आकडा उत्पादनाच्या कितीतरी जवळ जातो.

आता कालच्या पोस्टमधल्या तेलाच्या आलेखाबद्दल. टेक्सासात गॅस विहीरवार नोंदतात, तेल मात्र लीजवार, म्हणजे भाडेपट्ट्याच्या जमिनीनुसार. एका लीजवर दहा विहिरी असतील तर 'या विहिरीचं तेल' हा कुणीतरी वाटून काढलेला अंदाज असतो. न्यू मेक्सिकोत विहीरवार आकडा मिळतो, टेक्सासात नाही. शिवाय नव्या विहिरीचं तेल लीज नंबर मिळेपर्यंत 'पेंडिंग'मध्ये पडून राहतं, आणि उशिरा आलेले रिपोर्ट मागाहून भरले जातात. त्यामुळे शेवटचे दोन-तीन महिने कायम खाली वाकलेले दिसतात. काल ज्यावर 'घसरगुंडी' लिहून बाण काढला होता, ती हीच शेपटी.

तेलवेडा
आलेख माझाच. बरं, शेपटी कापतो, खूश? पण नियमांचं काय? रेलरोड कमिशनचे तिघे कमिशनर निवडून येतात आणि प्रचाराला देणग्या त्याच धंद्यातून घेतात. डेंटनकरांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये मत देऊन गावात फ्रॅकिंग बंद केलं, मे २०१५ मध्ये एचबी ४० हा कायदा आणून राज्यानं त्यावर बोळा फिरवला. गॅस जाळायचाय? कमिशनच्या रूल ३२ खाली अपवाद मागा. शेजारचं न्यू मेक्सिको २०२६ अखेर ९८ टक्के गॅस पकडा म्हणतं. याला नियमन म्हणतात.

गुहागरकर
वाहा हबला (पश्चिम टेक्सासातलं गॅसचं खरेदी-विक्री केंद्र) २०२४ मध्ये कितीतरी दिवस गॅसचा भाव शून्याखाली होता. पाइपलाइनच कमी पडतेय, तर तेलासोबत येणारा गॅस नेणार कुठे? आणि 'आपल्याला काय त्याचं' म्हणणाऱ्यांसाठी: गेलचा अमेरिकेतल्या सबीन पास टर्मिनलहून आलेला पहिला एलएनजी (द्रवरूप गॅस) मार्च २०१८ मध्ये आमच्या दाभोळलाच उतरला.

तेलवेडा
वाहाला फुकट, मग दाभोळला महाग का?

गुहागरकर
करार हेन्री हबच्या (लुइझियानातलं केंद्र, अमेरिकेतला प्रमाण भाव तिथला) भावाशी बांधलाय, वाहाच्या नाही. वर द्रवीकरणाचा आकार, वर जहाजभाडं. विषय संपला.

खारं पाणी
दोघंही तेल-गॅसवर भांडत बसा. मोजायचं ते पाणी. डेलावेअर बेसिनमध्ये (पर्मियनचा पश्चिम भाग) एक पिंप तेलामागे तीन-चार पिंपं खारं पाणी वर येतं. पिंप म्हणजे १५९ लिटर, गुणाकार करा. त्यातलं बरंचसं डिस्पोजल विहिरींतून परत जमिनीखाली ढकलतात. परमिट डब्ल्यू-१४ वर, हिशेब एच-१० वर. त्या एच-१० मध्ये आकडे महिनावार, पण भरायचा वर्षातून एकदा! तोवर जमीन हलून मोकळी.

खोल एलेनबर्गर थरामध्ये पाणी सोडलं तेव्हा भूकंप झाले. डिसेंबर २०२१ मध्ये गार्डनडेल भागातल्या ३३ खोल डिस्पोजल विहिरी थांबवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये रीव्ह्ज काउंटीत ५.४ चा धक्का. उथळ डेलावेअर माउंटन ग्रुप या थरांमध्येही ओतणं वाढलं. उथळ थरातून वर यायला पाण्याला वाट सापडली जुन्या विहिरींची. जानेवारी २०२२ मध्ये क्रेन काउंटीत अशाच एका जुन्या विहिरीतून खाऱ्या पाण्याचं कारंजं उडालं.

हिशेबी
धागा रिग काउंटवर आहे, आठवण करून देतो.

खारं पाणी
धाग्यात 'नियमन' तुम्हीच घातलंत. पाणी बाजूला ठेवून पर्मियनचं नियमन म्हणजे वरवंट्याशिवाय पाटा.

दाबमापक
भावना कमी करा, यंत्रणा बघा. पाणी भ्रंशापर्यंत (खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगेपर्यंत) पोचायला लागतंच असं नाही, खडकाच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब पोचला तरी पुरतो. तो वाढला की भ्रंशाच्या दोन बाजूंना आवळून धरणारा ताण घटतो आणि आधीपासून भरत आलेला भ्रंश सुटतो. म्हणून पंप बंद केल्यावरही धक्के महिनोन्महिने चालू राहतात. थांबवलं तरी हललं, म्हणजे पाण्याचा संबंध नाही, हा युक्तिवाद त्यामुळे पोकळ आहे.

उथळ थराचा त्रास वेगळा. तिथे दाब चढला की खाली तेलासाठी खोदणाऱ्यालाच किक बसते, म्हणजे पाणी अचानक विहिरीत घुसतं. मड (खोदताना विहिरीत भरलेला चिखल) जड करावा तर खालचा कमजोर खडक फाटून मड आतच गडप होतो, मग मध्ये केसिंगची (विहिरीला आतून लावायच्या पोलादी नळ्यांची) एक जादा स्ट्रिंग घालावी लागते. खर्च त्याच कंपन्यांचा, म्हणून आता त्याच ओरडतायत. जून २०२५ पासून नव्या डिस्पोजल परमिटसाठी आजूबाजूच्या जुन्या विहिरी पाव मैलाऐवजी अर्ध्या मैलापर्यंत तपासाव्या लागतात, आणि पंपाच्या दाबावर थराप्रमाणे मर्यादा आली. नियम नाहीत असं नाही, ते पाणी वर आल्यावर येतात.

तेलवेडा
म्हणजे मी म्हणत होतो तेच, फक्त फॉर्म नंबरांसकट.

हिशेबी
नाही. तुम्ही म्हणालात 'नाहीच'. 'उशिरा' हे दाबमापक म्हणाले, आणि तेवढं मला मान्य आहे. कालचा आलेख तेवढा दुरुस्त करून टाका.

खारं पाणी
टाकताना शेजारी पाण्याचाही टाका. एच-१० काढताना विहिरीच्या नावावर जाऊ नका, विकली की नाव बदलतं. यूआयसी नंबर, म्हणजे डिस्पोजल विहिरीचा कमिशनकडचा क्रमांक, धरा, आणि कुठल्या खोलीवर सोडतायत तो रकाना बघितल्याशिवाय बेरीज करू नका.

तेलवेडा
यूआयसी नंबर. अजून एक. ठीक आहे, रविवार गेला माझा.