गोल्फच्या हिरवळीला सांडपाणी दिलं की प्रश्न मिटला?

रानवाटा: २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले. केवढा गहजब झाला तेव्हा खेळपट्टीच्या पाण्यावरून! गोल्फचा हिशेब कोणी मांडत नाही. १८ होलच्या (चेंडू पाडायच्या खड्ड्यांच्या) मैदानात भिजणारं क्षेत्र ३० हेक्टर धरा, उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्या, दिवसाचे १५ लाख लिटर होतात. म्हणून माझं म्हणणं, बोअर आणि धरणाचं पाणी बंद, फक्त प्रक्रिया केलेलं सांडपाणी. यात वाईट काय?

चोपण: वाईट ते मातीला. नेहमीच्या प्रक्रियेत घाण आणि बरेचसे जंतू जातात, विरघळलेले क्षार तसेच राहतात. काळ्या मातीत सोडियम साचला की कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, वर पाणी तुंबतं, खाली मुळं गुदमरतात. हिरवळ पिवळी पडते आणि मग कोणीतरी सांगतं, युरिया टाका!

रानवाटा: जिप्सम आहे की त्यावर.

चोपण: नुसतं फेकून उपयोग नाही. माती तपासून मात्रा ठरवायची. पोकळ दातांच्या यंत्राने ७ ते १० सेंटिमीटर खोल भोकं पाडायची, मग जिप्सम; त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकतो. त्यानंतर भरपूर गोडं पाणी, म्हणजे सुटलेला सोडियम मुळांखाली उतरेल. निचराच नसेल तर तो तिथेच बसतो. हे काम मेअखेरीला केलं तर पाऊस फुकटात धुऊन देतो. पण "गोडं पाणी बंद" हे कागदावरच.

हरळी: खताचं दोघंही विसरलात. त्या सांडपाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल, तर रोज ५ मिलिमीटरने १०० दिवसांत हेक्टरी ५० किलो नत्र आपसूक पडतं, म्हणजे जवळजवळ १०९ किलो युरिया. ते वजा न करता ठरलेला डोस टाकला की ग्रीनखालच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखालच्या) ३० सेंटिमीटर वाळूतून नायट्रेट सरळ खाली उतरतं. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर, युरिया उघडा पडून राहिला तर अमोनिया होऊन हवेत जातो. टाकल्याबरोबर ५-६ मिलिमीटर पाणी हवं. आणि नाल्यालगतचा १० मीटरचा पट्टा न कापता सोडा. तिथे खतही नको, औषधही नको.

मोकळं रान: मुळात ३० हेक्टर भिजवायचं कशाला? टी (पहिला फटका मारायची जागा), ग्रीन आणि चेंडू पडतो तेवढाच फेअरवे, १२ हेक्टर पुरे. रोजचे ६ लाख लिटर. बाकी रफमध्ये, म्हणजे कडेच्या न कापलेल्या भागात, पवन्या, मारवेल ही देशी गवतं वाढू द्या.

रानवाटा: मे महिन्यात ते वाळून पेटलं म्हणजे? धुराचं काय?

मोकळं रान: हिवाळा सरता सरता कापून गुरांना द्या, कडेने जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा. वनखातंही दरवर्षी अशा रेषा काढतं. सभासदांना पिवळं गवत खुपतं, खरी अडचण ती आहे.

चोपण: १२ हेक्टरला जिप्समही त्याच प्रमाणात कमी. सांडपाणी मात्र तपासूनच घ्यायचं, निदान दर तीन महिन्यांनी, सोडियम आणि नत्र दोन्ही.