मदत हवी आहे: जोखमीच्या निवडींवर न्यूरल नेटवर्क, बक्षीस वाढवलं की भाकीत उलटं

एम.ए. अर्थशास्त्राचा प्रकल्प आहे. 'चॉइसेस13के' हा खुला डेटा घेतलाय: सोडतींच्या (ठरावीक शक्यतेने ठरावीक रक्कम देणाऱ्या 'अ' आणि 'ब' अशा पर्यायांच्या) 13,000 हून जास्त जोड्या आणि प्रत्येक जोडीत 'ब' निवडणाऱ्यांचं प्रमाण. पीटरसन, ग्रिफिथ्स आणि मंडळींच्या 'सायन्स'मधल्या 2021 च्या लेखातला.

आधी मानसशास्त्रज्ञ कानमन-ट्वर्स्कींचं 1992 चं सूत्र बसवलं (लोक रकमा आणि शक्यता मनात कशा तोलतात ते सांगणारं), मग साधं दोन थरांचं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्वतःच शिकणारं मॉडेल. काही जोड्या फीडबॅकसह (निवडीनंतर निकाल दाखवून) आणि फीडबॅकविना अशा दोनदा येतात, म्हणून ट्रेन-टेस्ट (शिकवायचा आणि तपासायचा डेटा) वाटणी जोडीच्या क्रमांकानुसार केली, एकच जोडी दोन्हीकडे जाऊ नये म्हणून. टेस्टवर नेटवर्क सूत्राच्या बरंच पुढे.

घोडं पेंड खातंय ते यानंतर. 'अ' म्हणजे खात्रीचे 20. 'ब' म्हणजे निम्म्या शक्यतेने 45, नाहीतर शून्य. 45 चे 60 केले की 'ब' घेणारे वाढायला हवेत ना? नेटवर्क म्हणतं, घटतील! सगळीकडे नाही, पण डेटा विरळ आहे तिथे हमखास. गाईड म्हणतात, "एरर कमी आहे ना, मग लिहून टाका." मला पटत नाही. जास्त पैसे नकोत म्हणणारा माणूस व्हायवात कुठून आणू?

हे रोखायचं कसं? शिवाय पुढे वर्गातल्या शंभरेक मुलांना रुपयांत असेच प्रश्न विचारायचेत. एवढ्याशा डेटावर नेटवर्क टिकेल?

प्रतिसाद 1
आकडे टाकून थेट टक्केवारी मागू नका. रकमेचं मूल्य काढणारं एक छोटं नेटवर्क, शक्यतेचं वजन काढणारं दुसरं. दोन्हींचा गुणाकार, प्रत्येक सोडतीची बेरीज, शेवटी दोन बेरजांतल्या फरकाचं 0 ते 1 मधलं प्रमाण करणारं लॉजिट. त्या लेखातही सिद्धांताचा साचा ठेवून आतली फंक्शनं शिकवली आहेत. मूल्याच्या नेटवर्कमधली वेट्स (आत शिकले जाणारे गुणक) धन आणि ॲक्टिव्हेशन (प्रत्येक थरातलं फंक्शन) चढतं ठेवलंत की रकमेबरोबर मूल्य चढणारच. शक्यतेचं वजन तेवढं ऋण होऊ देऊ नका. एरर थोडी वाढेल, वाढू द्या.

प्रतिसाद 2
कमी डेटासाठी: आधी एखाद्या मानसशास्त्रीय मॉडेलकडून लाखभर कृत्रिम निवडी तयार करून घ्या, त्यावर नेटवर्क शिकवा, मग खऱ्या उत्तरांवर फाइन-ट्यून करा, म्हणजे थोडं आणखी शिकवून जुळवून घ्या. ग्रिफिथ्स यांच्याच गटाने 2019 मध्ये हे केलंय. रुपयांशी जुळवायला रकमा डॉलरच्या भावाने गुणत बसू नका, रकमेचं माप हा एक पॅरामीटर (डेटावरून ठरणारा आकडा) ठेवून शिकू द्या. आणि प्रत्येक मुलाची उत्तरं वेगळी नोंदवा, सरासरीत भित्रा आणि जुगारी दोघंही हरवतात.

धागाकर्ता
दोघांचे आभार. शक्यतेच्या वजनालाही चढतं राहण्याची अट घालू?

प्रतिसाद 1
घाला. 0 ला 0 आणि 1 ला 1 ही टोकंही बांधा, मधला बाक डेटाला ठरवू द्या.