नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना 'आध्यात्मिक काळजी' शिकवावी का?

ट्यूटरबाई (धागाकर्ती)

शेवटच्या वर्षाच्या केस स्टडी तपासतेय. एकीत रुग्ण बाई कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली. इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं) चोख, पाठीच्या काळजीची नोंद तपशिलात. 'आध्यात्मिक गरजा' या रकान्यात रुग्णाचा धर्म, पुढे 'विशेष काही नाही'. दोन पानं उलटली तर त्याच मुलीच्या अक्षरात: 'रुग्ण जेवण नाकारते, भिंतीकडे तोंड करून झोपते, मी कुणाचं काय वाईट केलं होतं असं सारखं विचारते.' मुलीनं ऐकलं, लिहूनही ठेवलं. ते वरच्या रकान्यात जातं हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं, हे शिकवायला हवं, आणि वर्गात नाही तर वॉर्डात. यात जप, प्रवचन, प्रार्थना काही येत नाही. 'हे माझ्याच वाट्याला का', 'कुणाची तरी माफी मागायची राहिली', 'आता जगून काय करायचंय' अशी वाक्यं कानावर पडली की हातातलं काम क्षणभर थांबवायचं, ऐकायचं, नोंद करायची, आणि झेपण्यापलीकडचं असेल तर रुग्णाला विचारून योग्य माणसाला बोलवायचं. हे काही नवीन खूळ नाही. 'आध्यात्मिक क्लेश' हे नर्सिंग निदानांच्या, म्हणजे नर्सनं स्वतः ओळखायच्या त्रासांच्या, यादीत १९७८ मध्येच आलं. सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं, त्याच्याही आधीपासून त्या सांगत होत्या की मरणाऱ्या माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी सगळीकडून येते. आणि त्या नुसत्या डॉक्टर नव्हत्या, सुरुवात नर्स म्हणून केली होती.

खडूस_चिकित्सक

पूर्ण विरोध. जेवण नाकारते, भिंतीकडे तोंड करते, अपराधी वाटतं म्हणते. ताई, हे वाचून मला पहिल्यांदा नैराश्य आठवलं. त्यावर उपचार आहेत. की वेदनाशामकाचा डोस कमी पडतोय? तुमच्या विद्यार्थिनीनं हे 'आध्यात्मिक' रकान्यात टाकलं असतं तर डॉक्टरांनी तो रकाना वाचला असता का?

दुसरं. रुग्ण बेडपॅनसाठीसुद्धा नर्सवर अवलंबून असतो. तिनं श्रद्धेचा विषय काढला तर तो 'नको' कसं म्हणेल? इंग्लंडमध्ये २००८ साली एका नर्सनं घरी जाऊन ड्रेसिंग करताना रुग्णाला 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का' असं विचारलं आणि ती निलंबित झाली. पुढच्या वर्षी कामावर परत घेतलं, पण वाद व्हायचा तो झालाच. दार एकदा किलकिलं केलं की आत काय शिरेल सांगता येत नाही.

आणि जॉन पेली या अभ्यासकानं २००८ मध्ये नर्सिंगमधल्या या सगळ्या प्रकारावर सरळ टीका केली आहे. आशा, नाती, जगण्याचा अर्थ हे सगळं एका टोपलीत भरायचं आणि वर 'आध्यात्मिक' अशी चिठ्ठी चिकटवायची. यातलं बहुतेक मानसशास्त्र आधीच बघतं.

नाइट_ड्यूटी

दोघांनाही दंडवत. रात्री आम्ही दोघी आणि अख्खा वॉर्ड. आयव्ही संपतायत, एकाचा ताप चढतोय, कोपऱ्यातले काका कॅथेटर ओढतायत. यात आध्यात्मिक क्लेश ओळखायचा कधी? अभ्यासक्रमात अजून एक विषय म्हणजे अजून एक जर्नल.

हां, एक गोष्ट खरंच कुणी शिकवली नाही. ऑपरेशनला न्यायच्या आधी अंगावरचं सगळं काढायचं असतं. धातू असेल तर कॉटरीनं (ऑपरेशनमध्ये विजेनं डागायचं यंत्र) भाजायची भीती, म्हणून ते बरोबरच आहे. पण दंडावरच्या ताइताला हात लावला की भलेभले रुग्ण मूठ आवळतात. ट्रॉली दारात, थिएटरमधून फोनवर फोन. सीनियरनं कात्री पुढे केली आणि खाट्कन कापलं, हे मी पाहिलंय. तो माणूस आत जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पिशवीत घालून नातेवाइकाच्या हातात त्याच्यासमोर द्यायला किती वेळ लागतो? आणि साधा दोरा असेल, जखमेपासून लांब असेल, तर चिकटपट्टीखाली राहू देता येईल का, हे थिएटरला विचारायला?

ट्यूटरबाई

नाइट_ड्यूटी, वेळ नाही म्हणालात आणि पुढच्याच परिच्छेदात माझा पहिला तास घेतलात. हेच शिकवायचंय मला!

चिकित्सक, नैराश्याचा मुद्दा रास्त आहे. नैराश्य आणि दुखणं आधी तपासायचं, हे त्याच तासाला शिकवावं लागेल. पण गोळी सुरू झाल्यावरही 'मी काय वाईट केलं' हा प्रश्न राहिला तर तो कुणी ऐकायचा?

थर्ड_इयर

मॅडम, आम्हाला शिकवलंय. डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांची प्रश्नावली: श्रद्धा काय, तिचं महत्त्व किती, आपली माणसं कोण, आणि उपचारात आम्ही काय लक्षात ठेवायचं. चार भाग, पाठ केले, परीक्षेत आले. मग वॉर्डात एका आजोबांसमोर फॉर्म घेऊन उभी राहिले आणि विचारलं, 'तुम्हाला कशातून बळ मिळतं?' आजोबांचा चेहरा उतरला. म्हणाले, 'बाळ, डॉक्टर काही बोलले का? मी जगत नाही का?' ते हर्नियाला आले होते हो! पुढचं काही सुचलंच नाही, बीपी घेतलं आणि पळाले.

खडूस_चिकित्सक

धन्यवाद थर्ड_इयर. माझं अर्धं काम तुम्ही केलंत.

कोरी_पाटी

मी नर्सिंगमधली नाही, रुग्णाची मुलगी. आई आयुष्यभर नास्तिक. शेवटच्या आठवड्यात एक सिस्टर अगदी प्रेमानं कपाळावर हात ठेवून म्हणाली, 'आता देवाचं नाव घ्या आजी, बरं वाटेल.' आईनं मान फिरवली. नंतर मला म्हणाली, 'हिला सांग, उशी बदललीस तर बरं वाटेल.' तो हेतू वाईट नव्हता, कळतं मला. पण ज्या बाईनं इतकी वर्षं एक भूमिका निभावली तिच्यावर शेवटी अशी कुणाची दया का? याला काळजी म्हणणार असाल तर नकोच.

ट्यूटरबाई

कोरी_पाटी, तुमच्या आईंचा अपमानच झाला तो. न शिकवता सोडलं की हे होतं. ज्याच्या त्याच्या मनानं, आपल्या घरचं जे असेल ते रुग्णाला वाढायचं. नास्तिकाचीही शेवटची काळजी असते, आणि तिच्यात देव नसतो, हे शिकवावंच लागतं. नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच रुग्णाला उगाच धीर देणाऱ्या, सल्ले देणाऱ्या मंडळींवर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं.

खडूस_चिकित्सक

वा! नर्सनं ताईत कापला, शिक्षण हवं. नर्सनं देवाचं नाव घ्यायला सांगितलं, शिक्षण हवं. थर्ड_इयरला शिक्षण दिलं आणि फसलं, तर अजून शिक्षण हवं. प्रत्येक उदाहरण तुमच्याच पारड्यात कसं पडतं? काय घडलं तर तुम्ही म्हणाल की हा प्रकार बंद करा?

ट्यूटरबाई

सांगते. शिकवलेल्या मुली न शिकवलेल्यांपेक्षा जास्त उपदेश करायला लागल्या, किंवा रुग्णांनी म्हटलं की यांच्यापुढे अवघडल्यासारखं होतं, तर मी स्वतः तास बंद करेन. आणि फॉर्म घेऊन जाणं मला आजही मान्य नाही. हर्नियाच्या रुग्णाला ते प्रश्न थंडपणे विचारायचेच नव्हते. 'आजारी पडलात की कुणाशी बोलावंसं वाटतं?' एवढं अंग पुसताना विचारलं तरी पुष्कळ.

शिवाय गरज मी एकटी म्हणत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं २०१० मध्ये सदस्यांना विचारलं होतं, ४ हजारांहून जास्त नर्सेसनी उत्तरं दिली. यात आपल्याला पुरेसं शिक्षण मिळत नाही, असंच बहुतेकींचं म्हणणं होतं.

खडूस_चिकित्सक

उत्तरं कुणी दिली? नर्सेसनी. त्यातही ज्यांना विषयात रस त्यांनीच. रुग्णांना कुणी विचारलं का?

एक मान्य करतो. ऐकायला शिकवा, ताइताचं शिकवा, मरणाऱ्यासमोर तोंड कधी बंद ठेवायचं ते तर नक्की शिकवा. पण त्याला संवादकौशल्य म्हणा आणि परीक्षेतून काढा. याचे मार्क कसे देणार तुम्ही? दहापैकी सात आध्यात्मिक?

थर्ड_इयर

मार्क असले की आम्ही मार्कांसाठीच बोलणार, हे मात्र खरं आहे मॅडम.

ट्यूटरबाई

आकडा नकोच. रुग्णाच्या जागी प्रशिक्षित माणूस बसवायचा, विद्यार्थिनीनं बोलायचं, नंतर त्या 'रुग्णानं' सांगायचं की कुठे दडपण आलं. जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा. नाव बदलायला मात्र माझा विरोध आहे. संवादकौशल्य म्हटलं की हसून नमस्कार कसा करायचा एवढंच शिकवतात.

नाइट_ड्यूटी

तुमचं नावाचं मिटेपर्यंत एक करा. ऑपरेशनपूर्व चेकलिस्टमध्ये 'दागिने काढले' या ओळीखाली एक ओळ वाढवून घ्या: 'श्रद्धेची वस्तू रुग्णाला विचारून काढली, कुणाकडे दिली'. पुढे सही. सही असली की सीनियरही कात्री काढायच्या आधी विचारते.