कांटचे नीतिशास्त्र आणि ज्यू धर्म: निव्वळ काळाचा पूर्वग्रह की आणखी काही?

प्रश्न:
जर्मन तत्त्वज्ञ कांटचा १७९३ सालचा धर्मविषयक ग्रंथ वाचताना एका ठिकाणी अडलो आहे. ज्यू धर्म हा वस्तुतः धर्मच नसून एका राज्यव्यवस्थेखाली एकत्र आलेल्या लोकांच्या बाह्य नियमांचा संच आहे, असे तो तेथे म्हणतो. माणसाला केवळ साधन मानू नये, असे १७८५ मध्ये सांगणाऱ्या लेखणीतून हे कसे उतरले? काळाचा पूर्वग्रह समजून पुढे जावे काय?

प्रतिसाद १:
पूर्वग्रह होताच, मानवशास्त्रावरील त्याच्या १७९८ च्या पुस्तकातील, ज्यूंना सरसकट फसवे ठरवणारी तळटीप वाचल्यावर त्याविषयी शंका उरत नाही. परंतु मुळाशी त्याचा नीतिविचारही आहे. विवेकाने स्वतःच स्वतःला घालून दिलेल्या नियमाच्या आदरापोटी जे घडते तेच त्याच्या लेखी नैतिक, आणि आज्ञा, बक्षीस वा शिक्षा यांच्यापोटी घडलेले कृत्य कितीही योग्य असले तरी परायत्त, म्हणजे बाहेरच्या सत्तेच्या अधीन. या परायत्ततेचा नमुना म्हणून त्याने ज्यू धर्म उभा केला. कर्मकांडावरून त्याने ख्रिस्ती चर्चलाही झोडपले आहे, हे खरे. मात्र ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यात त्याला विवेकाचा धर्म दिसतो आणि ज्यू धर्मात तो शोधण्याचे कष्टही तो घेत नाही. माझा आक्षेप या दुटप्पीपणावर आहे.

प्रतिसाद २:
यात एक विचित्र गंमत आहे. ज्यू धर्म म्हणजे प्रकट झालेला धर्म नव्हे, तर प्रकट झालेला कायदा, हे मोझेस मेंडेल्सोन या ज्यू तत्त्वज्ञाने १७८३ मध्ये ‘जेरुसलेम’ या पुस्तकात मांडले होते. शाश्वत सत्ये विवेकाने सर्वांनाच कळतात, तेव्हा श्रद्धेची सक्ती नको, असा त्याचा रोख होता. कांटने पत्र लिहून त्या पुस्तकाची वाखाणणी केली आणि दहा वर्षांनी जवळपास तेच विधान उणिवेचा पुरावा म्हणून वापरले. तेही अशा माणसाने, ज्याच्या १७७० च्या प्रबंधाच्या जाहीर चर्चेत मार्कुस हेर्त्स हा ज्यू शिष्य त्याच्या बाजूने उभा होता.

प्रश्नकर्ता:
आणि १७९८ मध्येच दुसऱ्या एका पुस्तकात कांट ज्यू धर्माच्या ‘सुखमरणा’विषयी बोलतो, त्याचे काय?

प्रतिसाद १:
तेथे अभिप्रेत आहे तो जुन्या विधिनियमांचा अंत, माणसांचा नव्हे. तरीही विसाव्या शतकानंतरच्या वाचकाला तो शब्द बोचल्यावाचून राहत नाही. मला अधिक खटकते ते निराळेच: याच कांटने १७९० मध्ये, मूर्ती घडवू नकोस या आज्ञेहून उदात्त वचन ज्यूंच्या धर्मशास्त्रात बहुधा नसेल, असे लिहिले होते, आणि नैतिक नियमाच्या उदात्ततेची तुलनाही त्याने तिच्याशीच केली होती.