कांदा-लसूण मसाला: आपल्या नावाने विकू की दुसऱ्याच्या पाकिटात देऊ?

कराडची_चटणीवाली

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या गावात मी आणि जाऊबाई मिळून कांदा-लसूण मसाला करतो, म्हणजे आमच्याकडची चटणी. मिरची संकेश्वरी आणि ब्याडगी, निम्मी-निम्मी. कांदा वाळवून तळायचा, खोबरं-तीळ-खडा मसाला भाजायचा आणि डंकावर कांडून आणायचा. महिन्याला तीनेकशे किलो जातो, बहुतेक ओळखीत. सुटा ५०० रुपये किलो. कांडप आणि बायकांची मजुरी धरून मला ३१० ला पडतो. (हा मिरचीचा गेल्या वर्षीचा भाव. यंदाचं देव जाणे.)

आता दोघांनी विचारलंय. पुण्यातली दुकानांची एक साखळी महिन्याला ५०० किलो घ्यायला तयार आहे, ३८० रुपये किलोने, पण त्यांच्या नावाच्या पाकिटात. पाकिटं तेच देणार. दुसरे एक वितरक म्हणतात, तुमचंच नाव ठेवा, २०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपये एमआरपीने काढा, मी जिल्हाभर लावतो. मात्र त्याच नावाने ८० रुपयांचा हलका मालही काढा, नाहीतर खेड्यातली दुकानं उचलणार नाहीत. हलका म्हणजे धणे आणि मीठ वाढवायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

नवऱ्याचं मन पहिल्यात, जाऊबाईंचं दुसऱ्यात. हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून विचारतेय.

जुना_बीटवाला

ताई, माझी उभी नोकरी साबण आणि चहा विकण्यात गेली, तीही सातारा-सांगली-कोल्हापूर याच पट्ट्यात. आधी वितरकाचा प्रस्ताव उलटा सोडवू. एमआरपी १२०. नव्या मालाला दुकानदार २० टक्क्यांखाली हात लावत नाही, म्हणजे २४ गेले, राहिले ९६. वितरकाचे ८ टक्के काढा, साधारण ८९. त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की तुमच्या हातात साडेचौऱ्याऐंशी. मसाला ६२ चा, पाकीट-खोका-गाडीभाडं मिळून दहा धरा. उरले साडेबारा. छान वाटतं ना? आता वितरक म्हणेल, नवीन नाव आहे, दहावर एक फुकट द्या. अकरा पाकिटं देऊन दहाचे पैसे घ्यायचे म्हटल्यावर पाकिटामागे पाच रुपयेही राहत नाहीत.

फाटकी, मुदत संपलेली पाकिटं परत येतात ती यात धरलेलीच नाहीत. तुमच्या चटणीत खोबरं आणि तीळ आहे. फळीवर चार-पाच महिने पडली की खवट वास सुटणार. पारदर्शक पाकीट उन्हाच्या बाजूला टांगलं की लाल रंग उडणार. ओळखीतला माल महिन्या-दोन महिन्यांत संपतो, म्हणून तुम्हाला हे अजून दिसलेलं नाही.

हलक्या मालाचं मात्र नावच काढू नका. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यांनीही सुरुवातीला दोन प्रती काढल्या होत्या, एक चांगली आणि एक स्वस्त. पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं, एकच करा आणि तिचा दर्जा सोडू नका. ‘लिज्जत’ हे नाव त्यानंतर, १९६२ मध्ये पडलं. तुमचं ८० वालं पाकीट ज्या घरात जाईल, ते घर तुमच्या १२० वाल्याबद्दलही तेच बोलेल. नाव एकच आहे ना.

खेड्यातल्या दुकानाला स्वस्त माल लागत नाही, कमी पैशांत मिळणारा लागतो. तीच चटणी दहा रुपयांच्या पुडीत द्या, चौदा ग्रॅम बसेल. तामिळनाडूत कडलूरला १९८३ मध्ये सी. के. रंगनाथन यांनी १५ हजारांवर चिक शाम्पू सुरू केला, तो पुडीच्याच जोरावर वाढला. कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, एक चिक फुकट, अशी त्यांची योजना होती. लोकांना सवय लागल्यावर फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील असं केलं. बाटली घेणं ज्याला जमत नव्हतं, त्याच्या घरात ते असे शिरले.

मालवणी_आगळ

बीटवाले काकांचा हिशेब पटला, पण साखळीचा प्रस्ताव त्यांनी वाऱ्यावर सोडला. मी कोकमाचं आगळ दुसऱ्यांच्या नावाने देते, त्यामुळे थोडं बोलते.

किलोमागे ७० रुपये, म्हणजे २०० ग्रॅमला १४. योजना नाही, माल परत नाही, दारोदार फिरणं नाही. कागदावर हा वितरकापेक्षा बरा व्यवहार आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. दुखणं आकड्यात आहे. आज तुम्ही ३०० किलो करता आणि ते ५०० मागतायत. डंक, भट्टी, बायका सगळं वाढवाल, आणि पुढच्या वर्षी ते म्हणतील ३५० ने देता का? तेव्हा नाही म्हणायला जागा उरत नाही. म्हणून १५० किलोच कबूल करा. मिरचीच्या भावावर दर बदलेल असं लिहून घ्या. त्यांची छापील पाकिटं उरली तर भुर्दंड कोणाचा, तेही लिहा. आणि घरची कृती त्यांना देऊ नका. मिरचीचं प्रमाण बदला, वेगळी चटणी बनवा. वेगळी म्हणजे हलकी नव्हे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, नसेल तर आधी करा. लेखी करार असला तरी लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. आता उशीर केला तर पैसे चुकते करेपर्यंत ती रक्कम त्यांना आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यांच्या हिशेबनीसाला हे पाठ असतं. पहिल्या बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, बाकी बोलायची गरज पडत नाही.

कराडची_चटणीवाली

दोघांचे आभार. पाकिटामागचे पाच रुपये जाऊबाईंना वाचून दाखवले, त्या गप्पच झाल्या. १५० किलोचं साखळीवाल्यांना विचारते. आमच्या चिकटपट्टीवर सध्या नुसतं ‘घरगुती कांदा-लसूण मसाला’ लिहिलंय. चालेल ना?

नोंदणीवाला_पुणे

विकायला चालेल, राखायला नाही. घरगुती, अस्सल, गावरान ही सगळी वर्णनं आहेत. उद्या शेजारच्या गावाने तेच छापलं तर तुम्ही काहीच करू शकत नाही. मालाचं वर्णन न करणारं नाव शोधा. ट्रेडमार्कसाठी मसाले वर्ग ३० मध्ये येतात, ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योग असाल तर ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर ते नाव आधीच कोणी घेतलंय का बघा, ते फुकट आहे.

आणखी एक. साखळीच्या पाकिटावर नाव त्यांचं असलं तरी उत्पादक म्हणून तुमचा अन्नसुरक्षा परवाना क्रमांक छापावा लागतो. म्हणजे अळी निघाली तर चौकशी तुमच्याच दारात. प्रत्येक घाण्याचा नमुना तारीख टाकून ठेवत जा.

जुना_बीटवाला

मालवणी ताईंचा १५० चा आकडा मला मान्य. वितरकाला सध्या नाही म्हणा, पण गोडीत, पुढे लागतील ते. जिल्हाभर नको, कराड ते उंब्रज एवढाच पट्टा धरा आणि तीसेक दुकानं निवडा. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी जा. दहा रुपयांच्या पुडीची माळ गल्ल्याशेजारी टांगायला लावा, उधारी एका फेरीचीच. जुनं पाकीट दिसलं की न मागता बदलून द्या. जाऊबाईंना स्कूटर येते का?

कराडची_चटणीवाली

येते. आणि वसुलीला त्यांच्याइतकं खमकं आमच्या भावकीत कोणी नाही.